नदीत किंवा खाडीत छोटं बांधकाम करायचंय? गोव्यातले नेहमी येणारे प्रश्न

जेटी, पायऱ्या, खुंटे, संरक्षक भिंत असल्या कामांच्या फायली करताना लोक तेच तेच प्रश्न पाठवतात. कोणी पेडण्याहून, कोणी चोडण-दिवाडीहून, कोणी थेट मुंबईत बसून, कारण गावचं घर नदीकाठी आहे आणि आता तिथे काहीतरी करायचंय. म्हणून सगळे एका जागी घातलेत. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिसला तर तेही वाचा, नाहीतर अर्धीच गोष्ट कळेल.

१. घराच्या मागे नदी आहे, पाण्यात उतरायला फक्त चार पायऱ्या बांधायच्यात. एवढ्यालाही परवानगी?

हो, लागते. सगळ्यांना वाटतं काम लहान म्हणजे कटकट लहान, पण नियम आधी तुमच्या कामाची साईज बघत नाही, जागा बघतो. भरतीच्या रेषेच्या वर, स्वतःच्या जमिनीत तुम्ही पायऱ्या घातल्या तर वेगळा हिशोब. शेवटची पायरी रोज भिजते अशा ठिकाणी गेली की तुम्ही सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आलात, आणि ती जमीन बहुतेक वेळा तुमची नसतेच, सरकारची असते. गोव्याच्या १९६८ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणे नद्या, खाड्या, त्यांचं पात्र हे सगळं सरकारचं, कोणाचा हक्क सिद्ध झाला असेल तेवढं सोडून. म्हणजे वरच्या तीन पायऱ्या तुमच्या आणि चौथी सरकारच्या जागेत, असं खरंच होतं.

२. आमच्याकडे बार्ज-बिर्ज (मोठी मालवाहू बोट) येत नाही, फक्त होडी येते. मग ही नदी नॅव्हिगेबल (जलवाहतुकीची) कशी काय?

होडी जाते ना, मग वाहतुकीचं पाणी आहे असंच धरून चाला. गोव्यातल्या सहा जलमार्गांना २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग केलंय: मांडवी, जुवारी, कुंभारजुवे कालवा, शापोरा, म्हापसा नदी आणि साळ. मांडवीचा ४१ किलोमीटरचा पट्टा उसगावच्या पुलापासून समुद्रापर्यंत, जुवारीचा ५० किलोमीटर सावर्डे पुलापासून मुरगावपर्यंत, आणि या दोघींना जोडणारा कुंभारजुवे १७ किलोमीटर. तेरेखोल, तळपण, गालजीबाग या यादीत नाहीत, पण म्हणून तिथे मोकळं रान आहे असं नाही. तेरेखोल आणि तळपण ही छोटी बंदरं आहेत, आणि यादीत नसलेल्या खाडीलाही सीआरझेड लागतोच.

कुंभारजुव्याला लोक हलक्यात घेतात, अरुंद आहे, मगरी आहेत, कोण येणार म्हणून. पण पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा बांध धोक्याचा होतो तेव्हा बार्ज इथूनच जुवारीत आणि पुढे मुरगावला जातात. पात्र अरुंद म्हणूनच तिथे दोन मीटर पुढे आलेली जेटीसुद्धा अडचण होते. तेच दोन मीटर जुवारीच्या मुखाशी कोणाच्या लक्षातही येणार नाहीत.

३. नेमकं जायचं कोणाकडे? प्रत्येकजण वेगळंच सांगतो.

कारण प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर असतं. एक खिडकी असती तर मी हे लिहीत बसलो नसतो.

पाण्यावरून होड्या-बोटी जाण्याला अडथळा होतो का, हे बघणारं खातं म्हणजे कॅप्टन ऑफ पोर्ट्स, पणजीला. पणजी, शापोरा, बेतुल, तळपण, तेरेखोल ही छोटी बंदरं त्यांच्याखाली. मुरगाव बंदराच्या हद्दीत असाल तर मुरगाव बंदर प्राधिकरण, कारण ते केंद्राचं मोठं बंदर आहे. किनारा, भरती-ओहोटी, खारफुटी याचं बघणारं गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, ज्याला सगळे जीसीझेडएमए म्हणतात. राष्ट्रीय जलमार्गात जेटी किंवा टर्मिनल असेल तर भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण, म्हणजे आयडब्ल्यूएआय (प्रश्न १४). वर गोड्या पाण्यात, जिथे भरती पोचतच नाही, तिथे जलसंपदा खातं आणि १९७३ चा सिंचन कायदा. आणि काठावरच्या जमिनीवरच्या भागाला नेहमीचं नगरनियोजन आणि पंचायत किंवा पालिका.

माझा सल्ला विचाराल तर पहिली भेट कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे. लोक उलट करतात, आधी पंचायतीत जातात कारण तिथे ओळख असते, मग सहा महिन्यांनी कळतं की जिथे जेटी ठरवली तिथूनच बोटींची वाट आहे. चॅनल सरकत नाही, तुम्हालाच सरकावं लागतं, आणि सरकलात की आधीचे सगळे नकाशे रद्दी.

४. फाईलमध्ये काय काय लागतं?

एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सात-बारा म्हणा) आणि सर्व्हे प्लॅन. जमीन कुळाची किंवा कोमुनिदादची (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची) असेल तर त्यांची संमती. कामाचं ड्रॉइंग. आणि १:४००० स्केलचा सीआरझेड नकाशा, केंद्राने मान्य केलेल्या संस्थेकडून भरती-ओहोटीच्या रेषा आखून घेतलेला. हा शेवटचा कागद महाग पडतो, पण गूगलच्या फोटोवर लाल पेनाने रेघ मारून चालत नाही, लोक पाठवतात म्हणून सांगतोय.

ड्रॉइंगमध्ये एक गोष्ट नेहमी राहते ती म्हणजे पाण्याचा क्रॉस सेक्शन. तुमची जेटी दाखवता, पण समोरच्या काठापर्यंत नदी किती रुंद, ओहोटीला खोली किती, चॅनल कुठून जातो, हे नसेल तर तपासणारा माणूस ठरवणार कसं की बोटीला जागा उरते की नाही? उधाणाच्या वेळी मांडवी-जुवारीच्या मुखाशी भरती-ओहोटीत साधारण २.३ मीटरचा फरक पडतो. म्हणजे भरतीला मोजलेली खोली ओहोटीला अर्धीसुद्धा नसू शकते. दोन्ही पातळ्या लिहा.

२०११ च्या सीआरझेड अधिसूचनेप्रमाणे पूर्ण कागद मिळाल्यावर जीसीझेडएमएने ६० दिवसांत शिफारस करायची असते. "पूर्ण" या शब्दाकडे लक्ष द्या. तुमचा एक कागद कमी असेल तर ते ६० दिवस सुरूच होत नाहीत.

५. भरतीची रेषा आमच्या जागेत कुठून जाते हे कसं कळणार?

कायद्याची व्याख्या अशी की उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीवर जिथपर्यंत चढतं ती रेषा. अधिकृत रेषा राज्याच्या मंजूर किनारी आराखड्यात असते, गोव्याचा २०११ च्या अधिसूचनेखालचा आराखडा २०२२ ला मंजूर झाला, तो बघता येतो.

पण अर्ज करायच्या आधी स्वतःचा अंदाज घ्यायला अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटीला काठावर जाऊन उभे राहा. जुन्या चिऱ्याच्या भिंतीवर किंवा पुलाच्या खांबावर बघा, खालचा भाग कालवांच्या शिंपल्यांनी खरबरीत, हात लावला तर कापेल असा, त्याच्या वर काळपट-हिरवा ओलसर पट्टा, आणि त्याच्या वर कोरडा चिरा. कालवं आहेत तिथे पाणी रोज येतं. काळपट पट्ट्याच्या वरच्या टोकापर्यंत उधाणाचं पाणी जातं. अधिकृत रेषा याच्या जवळपासच निघते, क्वचित वर. खाली निघेल ही आशा सोडा.

आणि नदीत सीआरझेड किती आतपर्यंत लागतो हा पुढचा प्रश्न येतोच, तर कडक उन्हाळ्यात पाण्याचा खारटपणा हजारी ५ भाग मिळतो तिथपर्यंत. म्हणजे समुद्रापासून लांब राहणाऱ्यांनाही लागतो, "आम्ही तर आत गावात" हे चालत नाही.

६. नदीकाठचा सीआरझेडचा १०० मीटरचा पट्टा आता ५० मीटर झाला ना? सगळे तसंच बोलतात.

२०१९ ची अधिसूचना खाडी-नदीसाठी ५० मीटर म्हणते हे खरं. पण ती लागू व्हायला त्या अधिसूचनेप्रमाणे राज्याचा नवा आराखडा मंजूर व्हावा लागतो, तोपर्यंत २०११ चेच नियम. त्यात नदी-खाडीकाठी १०० मीटर किंवा पात्राची रुंदी, यातलं जे कमी ते. नदी तुमच्यासमोर ४० मीटर रुंद असेल तर पट्टा ४० मीटरचा. आणि हा आकडा काठावरच्या जमिनीचा आहे, पाण्यातल्या कामाला ५० काय नि १०० काय, काही फरक नाही.

७. तरंगती जेटी घालतो, काँक्रीट नाही, खोदाई नाही. मग परवानगी कशाला?

हा प्रश्न हल्ली सगळ्यात जास्त येतो, कारण प्लॅस्टिकच्या चौकोनी ठोकळ्यांची पोंटून जेटी विकत मिळते आणि विकणारा सांगतो की "टेम्पररी आहे, काही लागत नाही". त्याला विकायची आहे, तो दुसरं काय सांगणार.

तरंगणारी वस्तूसुद्धा पाण्याची जागा अडवते, आणि ती धरून ठेवायला एकतर तळात पाईल (खांब) मारता किंवा नांगर आणि साखळी टाकता. साखळी ओहोटीला सैल पडून बाजूला पसरते, बाजूने जाणाऱ्या होडीच्या पंख्यात अडकते. शिवाय पुरात तुटली तर ती तुमच्या घरामागची जेटी राहत नाही, खालच्या पुलाच्या खांबावर आदळणारं ओझं होतं. म्हणून कॅप्टन ऑफ पोर्ट्सची परवानगी हवीच, सीआरझेडही बघावा लागतो. सरकारने पणजीला काँक्रीटची तरंगती जेटी घातली तीसुद्धा परवानग्या घेऊनच.

एक मात्र कबूल, तरंगत्या जेटीची फाईल पक्क्यापेक्षा सोपी जाते, कारण भराव नाही, प्रवाह फारसा अडत नाही आणि उद्या काढा म्हटलं तर काढता येते. पर्याय असेल तर हीच घ्या, फक्त परवानगी नको या समजुतीने घेऊ नका.

८. होडी बांधायला दोन माडाचे खुंटे रोवले तर?

काठाला चिकटून, चॅनलपासून लांब, गावच्या होडीसाठी, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असेल तर सहसा कोणी हात लावत नाही. पण हक्क म्हणून लिहून दिलेलं नसतं हे लक्षात ठेवा, अडथळा झाला तर ते काढायला सांगू शकतात. मासेमारीच्या जाळ्यांचे खुंटे वेगळे, त्यांची नोंद मत्स्योद्योग खात्याकडे हवी. टुरिस्ट बोटीसाठी खुंटे रोवणार असाल तर ते धंद्याचं मूरिंग (बोट बांधायची जागा), परवानगी घ्या. आणि मोडलेला खुंटा पाण्याखाली ठेवून नवा बाजूला रोवू नका. भरतीला न दिसणारा तुटका खुंटा फायबरच्या होडीचा तळ सरळ फाडतो.

९. आजोबांच्या काळची दगडी जेटी आहे, ढासळलीय. दुरुस्तीला काय लागतं?

आधी ती अधिकृत आणि जुनी आहे हे दाखवा. सीआरझेडची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, त्याआधीचं बांधकाम आहे याचा पुरावा, म्हणजे जुना सर्व्हे प्लॅन, घरपट्टीची पावती, पोर्तुगीज काळातला कागद असेल तर उत्तमच. मग आहे त्याच मापात, त्याच जागी दुरुस्ती, हे बऱ्यापैकी सोपं जातं. लोक घोळ इथे करतात की दुरुस्ती म्हणून अर्ज करायचा आणि "आता करतोच आहे तर" म्हणून एक मीटर रुंद आणि वर पत्रा. पत्रा घातला की ती दुरुस्ती राहिली नाही. काम सुरू करण्याआधी टेप लावून, तारखेचे फोटो काढून ठेवा, पुढे तेच वाचवतात.

१०. खाजनाच्या (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीच्या) बांधाला खिंडार पडलंय, खारं पाणी शेतात येतंय. त्यालाही महिनोन्‌महिने परवानगीची वाट बघायची?

नाही, पण कोण दुरुस्त करतो आणि कसं, यावर अवलंबून आहे. खाजनाचा बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) ही एकट्या मालकाची गोष्ट नाही. कूळ कायद्याखाली कुळांच्या संघटना आहेत, देखभालीची जबाबदारी त्यांची, आणि तातडीचं असेल तर त्यांच्यामार्फत मामलेदाराकडे आणि कृषी खात्याकडे लगेच कळवायचं. खारं पाणी आत येऊ नये म्हणून केलेली कामं २०११ च्या अधिसूचनेत मनाई असलेल्या यादीतून बाहेर ठेवलीत. चिखल, चिरे, पेंढा घालून खिंडार बुजवणं ही पारंपरिक दुरुस्ती, याला कोणी अडवत नाही आणि अडवूही नये.

पण त्याच निमित्ताने बांध तीन मीटरचा सहा मीटर करून वरून गाडी जाईल असा रस्ता काढणं, ही दुरुस्ती नव्हे. खाजन जमिनीत विकासकामाला परवानगी नाही असं अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळं लिहिलंय. मानशीचं दार मत्स्यशेतीसाठी उघडं ठेवून वरची शेतं बुडवणं हा तर गावागावातला जुना भांडणाचा विषय, त्यावर इथे लिहायला बसलो तर पान पुरणार नाही.

११. नदी आमची जमीन खातेय. संरक्षक भिंत बांधू?

धूप थांबवायच्या कामाला दार बंद नाही, पण ते शास्त्रीय अभ्यासावर आधारलेलं असावं अशी अट आहे. कारण साधं आहे, तुम्ही सरळ उभी काँक्रीटची भिंत घातली की लाट आणि प्रवाह तिथे आपटून बाजूच्या माणसाची जमीन खातात, मग तो भिंत बांधतो, मग त्याच्या पलीकडचा. उतरती दगडी पिचिंग (काठाच्या उतारावर रचलेले दगड) जास्त टिकते आणि फाईलही तिची लवकर हलते. भिंतीची रेषा आजच्या काठावर ठेवा, "पूर्वी आमची जमीन तिथपर्यंत होती" म्हणून पाण्यात पुढे नेऊ नका, तो भराव धरला जातो (प्रश्न १९ पण बघा).

१२. मध्ये थोडी खारफुटी आहे, छाटली तर चालेल?

नाही. खारफुटी सीआरझेड एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक गटात येते, १००० चौरस मीटरपेक्षा मोठा पट्टा असेल तर त्याच्याभोवती आणखी ५० मीटर बफर. त्यावर गोव्याचा १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा. चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्याजवळ असाल तर वन खातंही आलं. जेटी दोन मीटर बाजूला सरकवून खारफुटी वाचत असेल तर आधीच सरकवा.

१३. पलीकडच्या काठाला वीज किंवा पाण्याची पाईप न्यायचीय.

वरून केबल नेणार असाल तर उंचीचे आकडे ठरलेले आहेत. २००६ च्या जलमार्ग वर्गीकरणाच्या नियमांत कमी दाबाची वीज आणि टेलिफोनच्या तारांना ठरवलेल्या पूर-पातळीपासून १६.५ मीटर मोकळी उंची, ११० किलोव्होल्टपर्यंत १९ मीटर, त्यापुढे दर किलोव्होल्टला आणखी १ सेंटिमीटर. खांब काठावर उभा करून "उंच दिसतोय" म्हणू नका, तार मध्ये झोळ खाते, माप झोळाच्या तळाशी घ्यायचं. पाईप तळाखालून नेली तर चॅनलच्या खोलीखाली गाडावी लागते, नाहीतर पहिला नांगर तिला उचलतो. काठावर दोन्हीकडे फलक लावायला विसरू नका.

१४. राष्ट्रीय जलमार्गात खाजगी माणसाला जेटी मिळते का?

मिळते. २०२५ ला केंद्राने राष्ट्रीय जलमार्गांत जेटी आणि टर्मिनल बांधण्याचे नियम काढले, त्यात खाजगी लोकही आयडब्ल्यूएआयकडे ना-हरकत मागू शकतात. तात्पुरत्या टर्मिनलला सुरुवातीला पाच वर्षं, पुढे वाढवून मिळू शकतात. कायमच्याला वेगळं. हे मिळालं म्हणजे जीसीझेडएमए आणि राज्याच्या परवानग्या संपल्या असं नाही, दोन्ही लागतात. नद्यांच्या राष्ट्रीयीकरणावरून गोव्यात जो वाद झाला त्याचं मूळही इथेच, की शेवटचा शब्द कोणाचा. त्या वादात तुमचं मत काहीही असो, फाईल दोन्हीकडे द्या.

१५. आम्ही मच्छीमार, आम्हाला सवलत आहे असं ऐकलंय.

आहे. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे, त्यात सरकारने जाहीर केलेल्या मच्छीमार गावांत जाळी दुरुस्तीची जागा, होडी बांधणी-दुरुस्ती, बर्फ साठवण, लिलावाची शेड, जेटी यांना ग्रामपंचायत परवानगी देऊ शकते. पण गाव जाहीर झालेलं हवं, आणि वापर मासेमारीचाच हवा. सकाळी जाळी आणि संध्याकाळी डॉल्फिन ट्रिप, मग सवलत टिकत नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवांच्या अंडी घालण्याच्या पट्ट्यात तर काहीच नाही.

१६. पंचायतीने ना-हरकत दिलीय, सुरू करू का?

मच्छीमार गावाचा अपवाद (प्रश्न १५) सोडला तर नको. पंचायत जमिनीवरचं बघते, पाणी तिचं नाही.

१७. पावसाळ्यात काम करता येतं?

कागदावर सरसकट बंदी नसेलही, पण जून ते सप्टेंबर पाण्यात पाईल मारणारा कंत्राटदार मिळाला तर त्याच्याकडूनच काम करून घेऊ नका. प्रवाह जोरात, गढूळ पाणी, तळ दिसत नाही. परवानगी ऑक्टोबरच्या आधी हातात येईल असा अर्ज टाका. सप्टेंबर ते मे पुरत्या हंगामी रचना वेगळ्या, त्या पावसाआधी काढायच्याच.

१८. जेटीजवळ गाळ साचलाय, जेसीबी लावून काढला तर?

जलमार्ग साफ ठेवणं मान्य आहे, पण परवानगीने, आणि काढलेला गाळ कुठे टाकणार हे लिहून द्यावं लागतं. काठावरच्या खाजनात किंवा खारफुटीत ढीग केला तर भराव टाकल्याची दुसरी केस. गाळाऐवजी वाळू निघाली आणि ट्रकात चढली तर ते वाळू उत्खनन झालं, त्याची परवानगी पूर्ण वेगळी, पर्यावरण मंजुरीसकट. गोव्यात या विषयावर हायकोर्टाची नजर आहे, गंमत नाही.

१९. शेजाऱ्याने नदीत भराव टाकलाय. तक्रार कुठे करू?

बोटींना अडथळा असेल तर कॅप्टन ऑफ पोर्ट्स, किनारा-खारफुटी असेल तर जीसीझेडएमए, आणि दोन्हीची प्रत मामलेदाराला. सर्व्हे नंबर, तारखेसह भरती आणि ओहोटी दोन्हीचे फोटो जोडा. नुसतं "अमुक माणूस दादागिरी करतो" लिहिलेलं पत्र कुठेच हलत नाही. पुढे पुण्याचं हरित न्यायाधिकरण किंवा पर्वरीचं हायकोर्ट.

२०. आमचं आधीच बांधून झालंय, आता रेग्युलराइज होईल का?

होईलच असं धरू नका. नोटीस आली असेल तर मुदतीत उत्तर द्या, सुनावणीला जा, आणि काम तिथल्या तिथे थांबवा. नोटिशीनंतर घातलेली एक सिमेंटची गोणीसुद्धा तुमच्याविरुद्ध जाते. पर्यावरण संरक्षण कायद्यात २०२४ पासून दंड १० हजार ते १५ लाखांपर्यंत आहे, आणि पाडायचा खर्च वेगळा. स्वतःहून पाण्यातला भाग काढून मग उरलेल्यासाठी अर्ज केला तर निदान ऐकून घेतात.

२१. एक-चौदावर जमीन आमची आहे, पण नदी सरकल्यामुळे ती आता पाण्यात. आमच्याच जमिनीत जेटी बांधायला कोणाला विचारायचं?

मालकी कागदावर तुमची राहू शकते, पण नियम आज तिथे काय आहे ते बघतो. भरतीचं पाणी रोज येत असेल तर तो भरती-ओहोटीचा पट्टा किंवा पाण्याचं क्षेत्र, आणि प्रश्न ३ मधले सगळे दरवाजे वाजवावे लागतील. फायदा एवढाच की सरकारी जागा वापरल्याचा मुद्दा तुमच्यावर तितका लागू होत नाही. अर्ज करताना जुना सर्व्हे प्लॅन आणि आजचं मोजमाप एकावर एक ठेवून एकाच कागदावर दाखवा, दोन वेगवेगळे नकाशे दिलेत तर साईटवर येणारा माणूस जुनी खूण शोधत चिखलात उभा राहील आणि फाईल परत येईल.